मदत हवी आहे: जुळ्यांचं गणित डोक्यात शिरत नाहीये

मंडळी, परीक्षेसाठी मानसशास्त्रातला जैविक दृष्टिकोन वाचतेय. मेंदू, संप्रेरकं, जनुकं इथपर्यंत ठीक. १८४८ साली फिनीस गेज या अमेरिकी रेल्वे कामगाराच्या गालातून शिरलेली लोखंडी पहार डोक्यातून आरपार गेली. माणूस जगला, पण स्वभाव पालटला. ओळखीचे म्हणायला लागले, हा आपला गेज नव्हेच. ही गोष्ट एकदा वाचली की विसरत नाही.

अडलंय ते जुळ्यांपाशी. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळपास शंभर टक्के सारखी, भिन्न जुळ्यांची सरासरी निम्मी. मानसशास्त्रज्ञ गॉट्समन यांच्या १९९१ च्या आकडेवारीत एकाला स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार) असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण एकसारख्यांत ४८ टक्के, भिन्नांत १७. फरक मोठा आहे, मान्य. पण सगळं जनुकांतच असतं तर ४८ वर का अडलं? शिवाय एकसारख्या जुळ्यांना लोक वागवतातही सारखंच, अगदी कपड्यांपासून. मग जनुकांचं किती नि वागवण्याचं किती, हे वेगळं कसं काढतात? दत्तक गेलेल्या मुलांच्या अभ्यासांनी हे सुटतं असं मैत्रीण म्हणते, पण कसं ते तिलाही सांगता येईना.

आणखी एक. लंडनच्या टॅक्सीचालकांच्या मेंदूत हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे आठवणी नि जागा लक्षात ठेवायला लागणाऱ्या भागाचा, मागचा भाग मोठा आढळला (२००० चा अभ्यास). रस्ते पाठ करून करून तो वाढला असेल, तर मेंदू वर्तनाचं कारण की परिणाम?

गाईडमधली तीन ओळींची उत्तरं नकोत, ती आहेत माझ्याकडे. कुणी हा विषय शिकवत असेल तर एखादं उदाहरण घेऊन समजावाल का?