मदत हवी आहे: गोव्यातील बेटावर जेवणाची आणि बाजाराची सोय कुठे होईल?

पावसाळी पाहुणा: आम्ही परवापासून बेटावर भाड्याच्या घरात उतरलो असून जुलैअखेरपर्यंत मुक्काम आहे. घरपोच जेवण देणारे ॲप आमचा पत्ता स्वीकारतच नाही आणि दोन दिवस पोह्यांवर काढले आहेत. कुठे जेवावे व सामान कुठून आणावे, हे कृपया आजच सांगावे.

तिसवाडीकर: कोणत्या बेटावर? दिवाडी, चोडण, सांतेस्तेव ही तिन्ही बेटेच आहेत. वाहन आहे का, हेही कळवावे.

म्हापसेकर: बेट कोणतेही असो, शुक्रवारी म्हापशाचा बाजार गाठावा. पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायचा माल, खोलची मिरची, सोले आणि सुके बांगडे, तेथे निवडून घेता येतो.

पावसाळी पाहुणा: दिवाडी. दुचाकी आहे. शुक्रवार अजून चार दिवस दूर आहे!

तिसवाडीकर: मग फेरीने रायबंदरला उतरून पणजीचा बाजार गाठावा, फेरी आणि त्यावर मांडवीचा पूल ओलांडून मिरच्यांसाठी म्हापशाला जाण्याची सध्या गरज नाही.

म्हापसेकर: पणजीत भाव जास्त असतो, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे.

किनारेवाला: कळंगुटच्या शॅकमध्ये, म्हणजे किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या खानावळीत, जेवावे, उत्तम मासळी मिळते.

तिसवाडीकर: शॅक पावसाळ्यापूर्वीच उतरवतात. शिवाय 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असल्याने बाजारात बर्फातला माल अधिक येतो. दिवाडीवर राहून तो घेण्यापेक्षा खाडीकाठच्या खाजन शेतीच्या मानशीवर, म्हणजे भरती-ओहोटीचे पाणी अडवणाऱ्या दरवाजापाशी, धरलेली काळुंदरे किंवा शेवटे ही मासळी कोणाकडे मिळते, याची शेजाऱ्यांकडे चौकशी करावी.

म्हापसेकर: त्या मासळीला चिखलाचा वास येतो.

तिसवाडीकर: नीट धुतली नाही, तर येतो.

पावसाळी पाहुणा: आम्ही शाकाहारी आहोत, हे लिहायचे राहिले.

डिचोलीची सून: हे आधी लिहिले असते, तर एवढी मासळी शिजली नसती. फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर सवलतीच्या दराने भाजी मिळते. त्यातील बरीचशी बेळगावहून येत असली, तरी रोजच्या स्वयंपाकाला ती पुरेशी आहे. पणजीच्या बाजारात टोपल्या घेऊन बसणाऱ्या बायकांकडे सध्या तायकिळा, म्हणजे टाकळा, आणि अळू मागावे, कारण ही पावसाळी भाजी पुढे मिळत नाही. जेवणासाठी खानावळच हवी, असा आग्रह नसेल, तर चहाच्या साध्या हॉटेलात सकाळी भाजीपाव आणि बन्स मिळतात. पातळ भाजी की सुकी, एवढेच विचारतील. पावासाठी मात्र कोठेही जाऊ नये. सायकलचा भोंपू ऐकू आला की पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, थांबवून पोई हा इथला पाव घ्यावा.

पावसाळी पाहुणा: पोई कशाने फुगवतात? आईला अंडे चालत नाही.

डिचोलीची सून: पूर्वी माडाच्या सुरेने, म्हणजे माडीने, फुगवीत, आता बहुतेक ठिकाणी यीस्ट वापरतात. अंड्याचा संबंध नाही.

पावसाळी पाहुणा: आभारी आहे. सकाळपासून दाराशी जो भोंपू वाजत होता, तो आम्ही कुल्फीवाल्याचा समजलो. संध्याकाळी पोदेर परत येतो का?