जुन्या हिमालयनचे पुढचे शॉकअप: स्प्रिंग बदलावी, इम्युलेटर (ऑइल अडवणारी झडप) बसवावा की अख्खा फोर्कच?

जांबोटीची वाट यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे २०१६ सालची, कार्ब्युरेटर असलेली, एबीएस नसलेली पहिल्या पिढीची रॉयल एनफिल्ड हिमालयन मोटारसायकल आहे. मी तिचा दुसरा मालक. माझे वजन ९२ किलो आहे आणि गाडी रोज बेळगाव ते जांबोटी अशी धावते. रविवारी कणकुंबीच्या बाजूला जांभ्याच्या कच्च्या वाटांवर जाणे होते. अभयारण्याच्या हद्दीत मी गाडी नेत नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पहिला प्रतिसाद त्यावरच येईल.

अडचण अशी आहे की पुढचे शॉकअप (फोर्क) मला एकाच वेळी मऊही वाटतात आणि कडकही. खानापूरकडच्या शेतरस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्यांतून सावकाश जाताना पुढची बाजू होडीसारखी खालीवर होते, ब्रेक दाबला की नाक जमिनीकडे जाते आणि एखाद्या खड्ड्यात 'खट्ट' असा आवाज येऊन फोर्क तळाला आपटतो. उलट जांभ्याच्या टोकदार दगडांवरून थोड्या वेगाने गेलो, तर प्रत्येक दगड मनगटात जाणवतो आणि अर्ध्या तासात बोटे बधिर होतात.

आमचे मिस्त्री म्हणतात की जाड ऑइल घाला, काम होईल. मित्राचे म्हणणे असे की मोटोक्रॉस गाडीचा उलटा फोर्क (जाड पाइप वर आणि बारीक खाली असलेला) मिळत असेल तर तोच बसवावा. माझी तयारी साधारण पंधरा हजारांपर्यंतची आहे. सुरुवात कशापासून करावी?

उद्यमबाग टर्नर

नमस्कार. मी हायड्रॉलिक सिलिंडरच्या कामातला माणूस आहे आणि मोटारसायकलचा फोर्क हाही शेवटी एक सिलिंडरच असतो. म्हणून काही नवीन विकत घेण्याआधी आहे तो फोर्क कोणत्या अवस्थेत आहे ते पाहावे, असे मी सुचवीन. इतक्या वर्षांच्या गाडीत निम्मा दोष झिजेचा असतो आणि झिजलेल्या फोर्कमध्ये महागडी स्प्रिंग घालणे म्हणजे गळक्या हंड्याला कल्हई करण्यासारखे आहे.

पुढचे चाक उचलून धरा, बॉटम केस (फोर्कचा खालचा जाड भाग) दोन्ही हातांनी पकडून पुढेमागे हलवा. खडखड जाणवली, तर ती कोनसेटची (हँडल ज्यावर फिरते त्या बेअरिंगची) आहे की फोर्कमधल्या बुशांची (पाइप ज्यांवर सरकतो त्या कड्यांची), हे दुसऱ्या माणसाला खालच्या टी (फोर्कचे दोन्ही पाय धरणारा आडवा भाग) पाशी बोट धरायला सांगून ओळखता येते. बुश झिजले असतील तर पाइप बॉटम केसमध्ये तिरपा होऊन अडकतो आणि तुम्हाला दगडांवर जो कडकपणा जाणवतो, त्यातला बराचसा भाग या अडकण्याचाच असू शकतो. फोर्क उघडल्यावर दोन्ही पाइप सपाट लोखंडी पाट्यावर किंवा जाड काचेवर लोळवून पाहा. बाक असेल तर खालून उजेडाची फट उघडमीट करताना दिसेल.

क्रोमवर खड्डे पडले असतील तर ते कुठे आहेत याला महत्त्व आहे. सील ज्या पट्ट्यात फिरते त्याच्या वर, दोन टींच्या मध्ये, गंज असेल तर तो केवळ दिसायला वाईट. पण सीलच्या वाटेवर एक जरी खड्डा असला तरी नवी सीलसुद्धा महिन्याभरात गळू लागते. आपल्याकडे हार्ड क्रोम करून ग्राइंडिंग करून देणारी दुकाने आहेत, त्यामुळे पाइप सरळ असेल तर तो टाकून देऊ नका. मात्र ग्राइंडिंगनंतरचे माप मूळ मापाइतकेच, म्हणजे तुमच्या गाडीत ४१ मिलिमीटर, आले पाहिजे, हे काम देतानाच बजावून सांगा.

आणि सील थोडी झिरपत असेल तर लगेच बदलू नका. आपल्याकडची तांबडी माती पाइपवर वाळते आणि तिचा एखादा कण सीलच्या ओठाखाली जाऊन बसतो. डस्ट सील वर सरकवावी, जुन्या एक्स-रे फिल्मची बोटभर रुंद पट्टी कापून तिच्या टोकाला आकड्यासारखी खाच करावी आणि ती पाइप व सील यांच्यामधून हलक्या हाताने गोल फिरवावी. काळपट तांबडा चिखल बाहेर येतो आणि बऱ्याचदा गळती तिथेच थांबते. डॉक्टरांनी 'जपून ठेवा' म्हणून दिलेल्या फिल्मचा याहून चांगला उपयोग मला अजून सापडलेला नाही.

निपाणीचा स्वार

टर्नर काकांनी झिजेचे सांगितले, मी स्प्रिंग आणि ऑइल यांचे सांगतो, कारण 'मऊही आणि कडकही' या तक्रारीचे खरे उत्तर तिथे आहे असे मला वाटते.

या फोर्कमध्ये साधा डॅम्पिंग रॉड असतो, म्हणजे ऑइल ठरावीक मापाच्या छिद्रांतून ढकलले जाते. अशा छिद्राचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: फोर्क दुप्पट वेगाने दबला तर विरोध सुमारे चौपट होतो. म्हणून चाकोरीत किंवा ब्रेक दाबताना, जेव्हा फोर्क सावकाश दबतो, तेव्हा ऑइल जवळजवळ काहीच अडवत नाही. आणि टोकदार दगडावर, जेव्हा तो झटक्यात दबायला हवा, तेव्हा तेच ऑइल भिंतीसारखे उभे राहते. तुमच्या मिस्त्रींनी सुचवलेले जाड ऑइल पहिला त्रास थोडा कमी करील आणि दुसरा वाढवील. शिवाय १० डब्ल्यू, १५ डब्ल्यू ही नावे सगळ्या कंपन्यांची सारखी नसतात. एकाचे १० दुसऱ्याच्या १५ इतके जाड निघू शकते. बदलायचेच असेल तर ४० अंश सेल्सियसला किती सेंटिस्टोक्स (जाडीचे एकक) ते पाहून बदला.

पण त्याआधी सॅग, म्हणजे वजनाने फोर्क किती खाली बसतो ते, मोजा, त्याला पैसे लागत नाहीत. चाक हवेत उचलून डस्ट सीलपासून खालच्या टीपर्यंतचे अंतर मोजा. मग गाडी जमिनीवर सरळ उभी करून तेच अंतर, आणि मग तुम्ही पूर्ण पोशाखात बसून पुन्हा तेच. प्रत्येक वेळी एकदा फोर्क दाबून सावकाश सोडा आणि एकदा वर उचलून सावकाश सोडा, म्हणजे दोन वेगळी मापे येतील. त्यांची सरासरी घ्या. त्या दोन मापांमधला फरक जितका मोठा तितके घर्षण जास्त, म्हणजे काकांचा मुद्दा तितका खरा. या फोर्कची एकूण चाल २०० मिलिमीटर आहे आणि कच्च्या रस्त्यासाठी स्वारासह सॅग चालीच्या सुमारे एक तृतीयांश, म्हणजे ६० ते ६६ मिलिमीटर, असावा.

आकडे कळवा, मग पुढचे बोलू. आणखी एक सोपा प्रयोग सांगतो. गाडीवर कोणी बसलेले नसताना हँडलच्या मधोमध, टीच्या बरोबर वर, २० किलो तांदळाची पिशवी नीट बांधून ठेवा आणि फोर्क आणखी किती मिलिमीटर खाली जातो ते पाहा. २० ला त्या आकड्याने भागले की दोन्ही स्प्रिंगांची मिळून ताकद किलो प्रति मिलिमीटरमध्ये अंदाजे मिळते. पिशवी टाकीवर ठेवली तर अर्धे वजन मागच्या चाकावर जाईल आणि उत्तर चुकेल.

काकतीचा मोडतोडकर

उलट्या फोर्कबद्दल मी बोलतो, कारण तो मूर्खपणा मी केला आहे आणि गंमत म्हणजे मला त्याचा पश्चात्तापही नाही.

माझ्या जुन्या गाडीला मी एका मोटोक्रॉस गाडीचा सेकंड-हँड फोर्क बसवला. फोर्क स्वस्तात मिळाला आणि तिथेच मी फसलो, कारण फोर्क हा त्या खर्चाचा निम्माही भाग नव्हता. दोन्ही टी बदलाव्या लागल्या, स्टेमची (टीला जोडलेल्या, हँडलबरोबर फिरणाऱ्या दांड्याची) लांबी आणि बेअरिंगची मापे जुळेनात म्हणून नवा स्टेम कातून प्रेसने बसवावा लागला, ॲक्सलचा व्यास वेगळा म्हणून हबचे बेअरिंग बदलले, ब्रेकच्या कॅलिपरसाठी ब्रॅकेट बनवले, आणि इतके करून हँडल पूर्ण वळवले की फोर्कचा जाड वरचा पाइप टाकीला लागायचा. पहिला स्टेम ज्या कारागिराने बसवला त्याने प्रेस फिट ढिला ठेवला होता. चोर्ला घाटात उतरताना ब्रेक दाबला की हँडलमध्ये एक बारीक 'टक' जाणवायचा, तो स्टेम टीमध्ये हलत असल्याचा होता. घरी येऊन गाडी उघडल्यावर मी बराच वेळ नुसता त्या स्टेमकडे बघत बसलो होतो.

नवा फोर्क लांब असेल तर गाडीची भूमितीही बदलते. हिमालयनचा व्हीलबेस (दोन चाकांमधले अंतर) १४६५ मिलिमीटर आहे; पुढची बाजू २५ मिलिमीटरने उचलली गेली तर फोर्कचा कोन सुमारे एका अंशाने मागे झुकतो. कागदावर एक अंश काहीच वाटत नाही, पण जांबोटी रस्त्याच्या वळणांवर गाडी आत झुकायला आळस करते हे लगेच कळते. मोटोक्रॉस गाड्या तुमच्या गाडीपेक्षा कितीतरी हलक्या असतात, त्यामुळे त्या फोर्कच्या स्प्रिंगाही बदलाव्या लागतात, म्हणजे फिरून तुम्ही मूळ प्रश्नावरच येता. शिवाय मोटार वाहन कायद्याचे, गाडीतल्या फेरफाराबद्दलचे, कलम ५२ आहेच. अपघात झाला तर विमावाले सर्वांत आधी अशा फेरफाराकडेच बोट दाखवतील, म्हणून आधी त्यांना लेखी विचारून घ्यावे.

पंधरा हजारांत हे काम होणार नाही. तुम्ही रोज कामावर जायची गाडी त्यासाठी तीन महिने उघडून ठेवणार असाल तर गोष्ट वेगळी.

जांबोटीची वाट

सर्वांचे आभार. रविवारी मेहुण्याला मदतीला घेऊन मापे घेतली. नुसत्या गाडीचा सॅग ४६ मिलिमीटर, मी बसल्यावर ८४. तांदळाच्या पिशवीने फोर्क २२ मिलिमीटर खाली गेला. दाबून आणि उचलून घेतलेल्या मापांत तब्बल १७ मिलिमीटरचा फरक आला. मग मी वरच्या टोपीखाली लांब स्पेसर घालून सॅग ६४ वर आणला तर तेवढ्याने भागेल का? तो तर पीव्हीसी पाइपाचा तुकडा कापून घरीच होईल.

निपाणीचा स्वार

दादा, स्पेसरने भागणार नाही, आणि का ते तुमच्याच आकड्यांतून दिसते. २० भागिले २२ म्हणजे दोन्ही स्प्रिंगा मिळून सुमारे ०.९ किलो प्रति मिलिमीटर. आत आधीपासून ३५ मिलिमीटरचा ताण आहे (स्प्रिंग तेवढी दाबूनच बसवलेली आहे) असे धरले, तर पूर्ण २०० मिलिमीटर दबल्यावर स्प्रिंगा सुमारे २११ किलोचा प्रतिकार करतात. २० मिलिमीटर लांब स्पेसर घातला तर तो २२९ होईल. त्याऐवजी दोन्ही मिळून १.१ च्या, म्हणजे प्रत्येकी ०.५५ च्या स्प्रिंगा घातल्या आणि ताण तोच ठेवला, तर सॅगही ६५ च्या आसपास येईल आणि तळाशी प्रतिकार सुमारे २५८ किलो होईल. फोर्कमधल्या हवेचा हिशेब मी यात धरलेला नाही. लांब स्पेसरने नुसत्या गाडीचा सॅग २६ वर येईल आणि चाक खड्ड्यात उतरायला जागाच उरणार नाही; चढावर वेग घेतला की फोर्क वरच्या टोकाला 'ठक' करील.

इम्युलेटर हा त्यापुढचा टप्पा. तो डॅम्पिंग रॉडच्या डोक्यावर बसतो आणि स्प्रिंगच्या दाबाने जागेवर राहतो. रॉडची खालची छिद्रे मोठी करून ऑइलला मोकळी वाट द्यायची आणि अडवण्याचे काम इम्युलेटरच्या झडपेवर सोपवायचे. फोर्क सावकाश दबताना ऑइल लहानशा छिद्रातून जाते, झटका बसला की झडप आपल्या छोट्या स्प्रिंगविरुद्ध उघडते. तुमची 'मऊही आणि कडकही' ही तक्रार खऱ्या अर्थाने तिथेच मिटते. फोर्क परत वर येण्याचा वेग मात्र अजूनही ऑइलच्या जाडीवरच ठरतो. दोन गोष्टी लक्षात ठेवा: एकदा मोठी केलेली छिद्रे पुन्हा लहान होत नाहीत, आणि इम्युलेटरची जितकी उंची तितका स्पेसर कापावा लागतो, नाहीतर नकळत ताण वाढतो.

पण १७ मिलिमीटरचा फरक हे फार मोठे घर्षण आहे. आधी काकांचे ऐका.

उद्यमबाग टर्नर

फोर्क उघडताना एक सांगतो. वरच्या टोपीखाली स्प्रिंगचा ताण असतो, तोंड तिच्यावर नेऊ नये. फोर्क गाडीत असतानाच आधी वरच्या टीचा बोल्ट ढिला करावा, मग टोपी पाव फेरा सैल करावी आणि मगच खालची टी सोडावी. टी आवळलेली असताना टोपी फिरवली तर आटे जातात. खालचा ॲलन बोल्ट रॉडसकट नुसताच फिरू लागला तर स्प्रिंग काढण्याआधीच तो सोडवण्याचा प्रयत्न करावा, स्प्रिंगच्या दाबाने रॉड धरून राहतो.

जांबोटीची वाट

दहा दिवसांनी लिहीत आहे. डाव्या पायातून उजव्याच्या जेमतेम निम्मे ऑइल निघाले आणि तेही राखेच्या पाण्यासारखे करडे. दोन्हीकडचे बुश झिजून त्यांवरचा काळा थर जाऊन तांबे दिसत होते. पाइप सरळ निघाले. नवे बुश, नव्या सील आणि ०.५५ च्या स्प्रिंगा घातल्या. ऑइलची पातळी स्प्रिंग बाहेर काढून, फोर्क पूर्ण दाबून, पाइपाच्या तोंडापासून स्टीलच्या पट्टीने मोजली आणि दोन्ही पायांत सारखी ठेवली. आता स्वारासह सॅग ६३ आणि दाबून-उचलून घेतलेल्या मापांतला फरक ११ मिलिमीटर आहे. आपटणे थांबले. दगडांवरचा त्रास अर्धा झाला आहे. हा ११ चा फरक आणखी कमी करता येईल का?

उद्यमबाग टर्नर

चाक बसवताना ॲक्सलची नट आवळल्यावर, ॲक्सल पकडणारा बॉटम केसचा बोल्ट ढिलाच ठेवा. पुढचा ब्रेक धरून फोर्क दहा-बारा वेळा जोराने दाबा, म्हणजे दोन्ही पाय आपापसांत समांतर होतील, आणि मगच तो बोल्ट आवळा. बहुतेक मिस्त्री तो आधी आवळतात आणि पाय एकमेकांना ओढत राहतात.

जांबोटीची वाट

काका, फरक आता ६ वर आला. इम्युलेटर मागवलेला नाही. पावसाळ्यात कणकुंबीकडे कोणी जात नाही, तेव्हा छिद्रे मोठी करायची की नाही ते दसऱ्यानंतर ठरवीन.