प्रतिसाद: मोसंबीच्या बागेतील ‘वाळके पान’

मोसंबीच्या बागेत टिपलेल्या, वाळक्या पानासारख्या दिसणाऱ्या एका पतंगाच्या छायाचित्रावरील चर्चेत त्याला ‘युरोपिया मेटिक्युलोडिना’ म्हटले आहे. परंतु ती जाती चीन, जपान, कोरियाकडची असून तिच्या अळ्या अक्रोडवर्गीय झाडांवर वाढतात. छायाचित्रातील केशरी मागच्या पंखावरचा काळा, वाकडा पट्टा पाहता हा ‘युडोसिमा फॅलोनिया’ असावा, कारण जवळच्या ‘युडोसिमा मटेर्ना’मध्ये तेथे गोल ठिपका असतो. मादी गुळवेलीसारख्या वेलींवर अंडी घालते, डोळ्यांसारखे ठिपके मिरवणारी अळी तिथेच पोसते आणि पाने रेशमाने जोडून कोष करते. त्यामुळे मोसंबीच्या झाडावर अळ्या शोधणे व्यर्थच. नुकसान करतो तो प्रौढ पतंग: रात्री कणखर सोंडेने तो फळाला भोक पाडतो, त्यातून बुरशी शिरते आणि फळ सडून गळते.