मांजराची खाज, गळणारे केस : तुमच्याकडे कारण काय निघालं?

गच्चीवरची :
ओळखीतल्या तिघींनी गेल्या महिन्यात मला जवळपास सारखेच फोटो पाठवले. मांजर उताणं, पोटावरचे आणि मांड्यांच्या आतले केस साफ, कातडी गुलाबी नि गुळगुळीत. ना खपली, ना ओरखडा. तिघींनाही सल्ले आधीच मिळाले होते : खोबरेल लावा, गजकर्ण आहे, टेन्शन आलंय तिला. प्रत्यक्षात तिघींकडे तीन वेगळी कारणं निघाली. म्हणून हा धागा. उपायांची यादी नको. आधी काय वाटलं होतं आणि खरं कारण कशावरून सापडलं, ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. चिंगी, पुण्यात चौथ्या मजल्यावर, दाराबाहेर पाऊल नाही. पोटाला टक्कल. डॉक्टरांनी कडेचे थोडे केस उपटून काचपट्टीवर ठेवले आणि मायक्रोस्कोपखाली बघितले. टोकं तुटलेली होती. म्हणजे केस गळत नव्हते, बाईसाहेब ते चाटून तोडत होत्या. आपल्यासमोर चाटतीलच असं नाही. बरीच मांजरं हा उद्योग रात्री किंवा पलंगाखाली बसून करतात. गळतायत की तोडले जातायत, हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर काही मिनिटांत मिळतं, तरी फार कमी लोक तो विचारतात.

मग उवांच्या फणीसारखी बारीक फणी शेपटीच्या बुडाशी फिरवली. पिसू एकही नाही, नुसती काळी कणी. ती ओल्या पांढऱ्या टिश्यूवर झटकली आणि बघता बघता एकेका कणाभोवती तांबूस वलय पसरलं. पिसवांची विष्ठा, म्हणजे मांजराचंच पचलेलं रक्त. "चौथ्या मजल्यावर पिसवा काय लिफ्टने येतात?" सासूबाईंनी डॉक्टरांना तोंडावर विचारलं. डॉक्टर म्हणाले, जिन्यात कुत्रा झोपतो ना, तेवढं पुरतं. ॲलर्जी असलेल्या मांजराला मोजके चावे पुरतात, आणि तेच मांजर सतत चाटून पिसवा गिळून टाकतं, त्यामुळे पुरावा राहत नाही. शिवाय अंगावरच्या मोठ्या पिसवा म्हणजे एकूण पसाऱ्यातल्या 5 टक्के; बाकी अंडी, अळ्या, कोष सगळं गाद्यांत आणि फटींत. म्हणून मानेवरचे थेंब एकदा टाकून भागलं नाही, दर महिन्याला टाकत राहावे लागले. केस हळूहळू भरून आले.

बांगडा_फ्राय :
आमची भाटी काळी, देवगडची, बाहेर-आत मोकळी. पावसाळा लागला की नाकाच्या दांडीवर खपल्या, कानाच्या टोकांना फोड, तिथले केस जायचे. पोट, पाठ एकदम छान. मारामारी करून येते असंच सगळे धरून चालले होते. कुडाळच्या डॉक्टरांनी एकच प्रश्न केला : "दिवाळीनंतर बरी होते का?" होते! डासांच्या चाव्याची ॲलर्जी. नाक आणि कान, जिथे केस विरळ, तिथेच डास बसतो. खात्री कशी केली, तर संध्याकाळपासून तिला जाळीच्या खोलीत कोंडली. आठवड्यात खपल्या वाळल्या. औषधाआधीच निदान झालं, फक्त तिची बोंब सगळ्या वाडीने ऐकली. आपण अंगाला लावतो ते डासांचं क्रीम मात्र मांजराला लावू नका, ती चाटून खाते.

निळी_छत्री :
@बांगडा_फ्राय, दिवाळीवाला प्रश्न भारी आहे.
छोटीशी भर : डोळा आणि कान यांच्या मधली जागा सगळ्याच मांजरांची विरळ असते, काळ्या मांजरात जरा जास्त दिसते. तिथे लाली, खपली, खाज काही नसेल तर तो आजार नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी हा फोटो येतो.

संत्र्याचा_रस :
नागपूरहून. रस्त्यावरचं पिल्लू उचलून आणलं. कानाच्या कडांना राखाडी जाड खपल्या, मग कपाळ, मग मान. डोकं म्हणजे भाजलेल्या वांग्याचं साल. खाज इतकी की झोपेतही पाय चालूच. सगळ्यांनी गजकर्ण ठरवून टाकलं होतं.

डॉक्टरांनी पात्यावर तेलाचा थेंब घेऊन कडेची खपली खरवडली, थोडं रक्त येईपर्यंत.  मग मला मायक्रोस्कोपमधून पाहू दिलं. गोल गोल, आखूड पायांचे किडे, हळूच हलत होते! मांजराची खरूज. त्या काळात माझ्या मनगटाला आणि आईच्या पोटाला लाल पुटकुळ्या होत्या, त्याही त्याच किड्यांच्या. माणसावर ते टिकत नाहीत, मांजर बरं झालं की आपलंही जातं. मानेवर टाकायचे सेलामेक्टिनचे थेंब आणि दुसऱ्या मांजरालाही तेच, जरी तिला काहीच दिसत नव्हतं. आता त्याचं डोकं बघून कोणी ओळखणार नाही.

ओटीवरचा :
कानाच्या आत कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ असेल तर कानातले माइट्स, म्हणजे बारीक किडे. आमच्या बोक्याने खाजवून खाजवून कानामागचे केस घालवले होते आणि आम्ही सगळे कातडीकडे बघत बसलो होतो. कानात डोकावलंच नव्हतं कोणी. एवढंच.

तिखट_मीठ :
आमचं खरोखरच गजकर्ण निघालं, म्हणून लिहिते. ठाण्याला विकत घेतलेलं पर्शियन पिल्लू. भुवईपाशी आणि पुढच्या पंजावर गोल चट्टे, कोंड्यासारखा पापुद्रा, खाज जवळजवळ नाहीच. महिन्याभरात लेकीच्या दंडावर गोल चट्टा. केमिस्टने तिला जी ट्यूब दिली तिच्यात स्टेरॉइड होतं. चट्टा आधी फिकटला आणि मग दुप्पट पसरला. माणसांच्या त्वचेच्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात मांजर आहे का?" निदान असं उलट्या दिशेने झालं.

पिल्लाला परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात नेलं. अंधाऱ्या खोलीत वूड्स लॅम्प (अतिनील प्रकाशाचा दिवा) धरला तर चट्ट्यावरचे केस हिरव्या सफरचंदासारखे चमकले. पण एक लक्षात ठेवा : चमकलं नाही म्हणून गजकर्ण नाही असं होत नाही. अंगावरचा कोंडा, लावलेलं मलम यांचंही काहीबाही चमकतं, तर केसाच्या बुंध्यापासूनची चमक बघायची. खात्रीसाठी नवा टूथब्रश सगळ्या अंगावर फिरवून कल्चरला, म्हणजे बुरशी वाढते का ते बघायला, पाठवतात. रिपोर्टला दोन-तीन आठवडे. चट्टे बुजले म्हणून औषध बंद करायचं नाही, पुन्हा कल्चर करून मगच. गळलेल्या केसांवरचे बीजाणू घरात वर्षभरही टिकतात, त्यामुळे त्या काळात मी जेवढा व्हॅक्यूम फिरवला तेवढा लग्नाआधीच्या साफसफाईतही नसेल फिरवला.

दौतटाक :
शिरवळला पशुवैद्यकीचं शिकते. वरचे अनुभव वाचून मजा आली, कारण क्रम अगदी पुस्तकातला आहे : आधी पिसवा, मग माइट्स, मग बुरशी (म्हणजे गजकर्ण), त्यानंतर अन्न, मग हवेतली ॲलर्जी, आणि मन सगळ्यात शेवटी. लोक मात्र शेवटून सुरुवात करतात. "चाटते म्हणजे स्ट्रेस" हे फार सोयीचं निदान आहे, काही तपासावं लागत नाही. 2006 मध्ये एक अभ्यास छापून आला होता. मानसिक कारणाने चाटतात अशा शंकेची 21 मांजरं घेतली आणि नीट तपासली. 16 जणींत शारीरिक कारण सापडलं, निव्वळ मानसिक फक्त दोघींत.

आणखी एक. पाठीवर हात फिरवला की बाजरीच्या दाण्याएवढ्या खपल्या लागतात, ओठावर व्रण येतो किंवा मांडीवर लाल ओला चकंदळा उठतो, हे सगळे आजार नव्हेत, मांजराच्या कातडीच्या प्रतिक्रिया आहेत. मागचं कारण वेगळं शोधावं लागतं. म्हणून लांब टिकणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन पहिल्याच भेटीत मागू नका. खाज थांबते खरी, पण खुणा पुसल्या जातात, आणि वारंवार दिल्यास मांजरांना मधुमेह होऊ शकतो. डॉक्टरांकडे नेण्याआधी आंघोळ घालू नका, पुसूही नका. खाज कधी सुरू झाली, आधी केस गेले की आधी खाज, घरात आणखी कोणाला खाजतंय का, हे लिहून न्या.

निळी_छत्री :
@दौतटाक ताई, कडुनिंबाचं तेल, कापूर, हळद यांचं काय? आमच्याकडे आजी ऐकत नाहीत.

दौतटाक :
आजींना सांगा, मांजर जे अंगावर तेच पोटात घेतं. कापूर आणि टी ट्री तेल विषारीच. मांजराचं यकृत काही रसायनं आपल्यासारखी निकामी करू शकत नाही, फिनेलही त्यातलंच. ओल्या फरशीवर बसलं, पंजे चाटले की गेलं पोटात. फिनेलने फरशी पुसत असाल तर ते आधी बंद करा. आणि कुत्र्याचे पिसवांचे थेंब मांजराला कधीच नाही. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर मांजर थरथरतं, झटके येतात, मरूही शकतं. आमच्या ओपीडीत असं मांजर आलं होतं. वजन बघून "अर्धे थेंब" टाकले होते कोणीतरी. वजनाचा इथे प्रश्नच नाही. डबीवर मांजराचं चित्र नसेल तर ठेवून द्या.

धुक्यातला_डबा :
लीड्समधून. आमच्या मोत्याला (हो, बोका आहे, नाव कुत्र्याचं) मान आणि गालांना बारा महिने खाज. खाजवून मान रक्ताळायची, गळ्यात कायमची कॉलर. पिसवांचं औषध नियमित, स्क्रेपिंग साफ, कल्चर साफ. मग डॉक्टर म्हणाल्या, अन्न. रक्ताची ॲलर्जी चाचणी करून घ्या असं मित्र सांगत होते, पण अन्नाच्या बाबतीत त्या चाचणीवर भरवसा ठेवता येत नाही. खरी चाचणी एकच : निदान 8 आठवडे एकच हायड्रोलाइज्ड खाणं (ज्यातली प्रथिनं आधीच बारीक तोडलेली असतात), दुसरा कणही नाही. आधीच्या पुड्यांवर "सॅल्मन" लिहिलेलं असायचं, पण घटकांत चिकन होतंच.

सहाव्या आठवड्यात खाज कमी होऊन पुन्हा भडकली. कळेना. तेव्हा आई सांगलीहून आलेली. रोज दुपारी मोत्या स्वयंपाकघराच्या दाराशी बसायचा, आणि आई नातवाच्या ताटातली चिकनची बोटं त्याला भरवायची. विचारलं तर म्हणे, "ते भुसकट खातंय बिचारं, एक तुकडा दिला तर काय होतंय?" पुन्हा पहिल्यापासून मोजणी. या वेळी आईला मोत्याच्या मानेचे रोजचे फोटो काढायचं काम दिलं, मग तीच पहारेकरी झाली. पाहुण्यांच्या हातातलं बिस्किटही काढून घ्यायची. मान भरून आली. शेवटी मुद्दाम चिकन देऊन बघायचं असतं, ते टाळू नका, नाहीतर नक्की काय ते कळतच नाही. चार दिवसांत खाज परत. चिकन बंद, विषय संपला.

पावट्याची_उसळ :
माझा अनुभव जरा आडवळणाचा. म्हापशाची आमची म्हातारी, फक्त पोटाचा खालचा भाग चाटायची, अगदी ठरावीक चौकोन. कातडी निरोगी. डॉक्टरांनी कातडी सोडून लघवीचं विचारलं. ट्रेमध्ये जाऊन बसते, थोडीशीच करते. एक्स-रेत मूत्राशयात खडा. दुखतं तिथे चाटत होती. तेव्हा एकाच जागी चाटत असेल तर त्या जागेच्या आत काय आहे तेही बघा. बोका असेल आणि लघवी अजिबातच होत नसेल तर त्याच दिवशी पळा, थांबू नका.

गच्चीवरची :
वर म्हटलेल्या तिघींपैकी एकीचं हेच होतं. दुसरीचं पिसवा. तिसरीचं खरोखर मानसिक निघालं, पण सगळं तपासून झाल्यावर. खिडकीबाहेर नवा बोका येऊन बसायला लागला होता. खालच्या अर्ध्या काचेला अपारदर्शक कागद लावला, केस आले.

रातवा :
आमचं अजून पूर्ण सुटलेलं नाही, तरी लिहितो. नाशिक. पिसवा, माइट्स, बुरशी, अन्न, सगळं क्रमाने बाद झालं. राहिली हवेतली ॲलर्जी. तिची अशी एक चाचणी नाही, बाकी सगळं बाद झाल्यावर उरते ती. सायक्लोस्पोरीन चालू आहे, खाज बरीच आटोक्यात. हे औषध प्रतिकारशक्ती दाबतं, त्यामुळे कच्चं मांस आणि उंदीर-पक्ष्यांची शिकार बंद करायला सांगितली आहे. गच्ची बंद झाल्याने साहेबांचा मूड वाईट आहे. @धुक्यातला_डबा, तुमच्या मोत्याने ते हायड्रोलाइज्ड खाणं पहिल्या दिवशी खाल्लं का? आमच्याने तीन दिवस वाटीकडे पाठ केली होती.

धुक्यातला_डबा :
तीन दिवस उपाशी ठेवू नका, मांजरांचं यकृत बिघडतं. जुन्या खाण्यात थोडं थोडं मिसळत आठवडाभराने पूर्ण नव्यावर आणलं, आणि 8 आठवडे तिथून पुढे मोजले. किंचित कोमट पाणी घातलं की वास सुटतो, त्याला मोत्या भुलला.