विहिरीचं पाणी भूमिगत कोळसा खाणीमुळेच उतरलं, हे ठरवायचं कसं?

वारजेकर
नमस्कार. नोकरीमुळे मी पुण्यात, शेती नागपूर जिल्ह्यात सावनेरकडे. संत्र्याची बाग भाऊ बघतो. शिवारालगत भूमिगत कोळसा खाण आहे. पूर्वी मे महिन्यातही विहिरीवर मोटर दोन-अडीच तास चालायची, आता अर्ध्या तासात फूटव्हॉल्व्ह (पाइपाचं पाण्यातलं तोंड) उघडा पडतो. गाव म्हणतं खाणीनं पाणी ओढलं, खाणवाले म्हणतात बोअर वाढल्या. मोजमाप कोणाकडेच नाही. हे तपासतात कसं?

कोथरूडची मृणाल
आमच्या सोसायटीची बोअर आटली, पलीकडच्या बंगल्याची चालू आहे. इथे तर खाणही नाही. एका विहिरीवरून काही ठरवू नका.

निवृत्त भूजलवाला
मृणालताई, पुण्याचा अनुभव तिकडे लावू नका. आपल्याकडे काळा पाषाण, पाणी भेगांत आणि थरांच्या सांध्यांत. म्हणून शेजारच्या दोन बोअरचं एकमेकींशी देणंघेणं नसतं. कामठी-सावनेर पट्ट्यात कोळसा बराकार नावाच्या खडकथरांत असतो आणि बऱ्याच ठिकाणी त्याच्या वर कामठी वालुकाश्म. तो चांगलं पाणी धरतो. खाण कोरडी ठेवायला सतत उपसा करावा लागतो, आणि अशा खडकात त्याचा परिणाम लांबवर पोचतो. मात्र मध्ये शेलचा, म्हणजे पाणी सहज न झिरपणाऱ्या चिकणमातीच्या खडकाचा, जाड थर असेल तर उथळ विहिरीला त्याची झळ कमी लागते. त्यामुळे आधी विहिरीची खोली आणि खाली कोणता खडक लागला ते कळवा.

मग खाणीत सध्या काय चालू आहे ते विचारा. बोर्ड अँड पिलर पद्धतीत कोळशाचे खांब ठेवून गल्ल्या काढतात, तोवर छत टिकून असतं. डिपिलरिंगमध्ये खांबही काढतात. छत कोसळतं, भेगा वर चढतात आणि वरचा पाण्याचा थर त्यांतून खाली रिता होऊ शकतो. बांधाला तडा, शेतात खचलेला खळगा दिसला तर तारखेसह फोटो काढा. पाणी उतरल्याचा काळ डिपिलरिंगशी जुळतो का, हे मी सगळ्यात आधी बघेन.

आता तुमच्या बाजूची अडचण. संत्र्याच्या आंबिया बहरासाठी जानेवारीत ताण तोडला, म्हणजे बंद ठेवलेलं पाणी पुन्हा सुरू केलं, की शिवारातल्या सगळ्या विहिरी एकदम उपसतात. ती घसरण खाणीच्या नावावर घातलीत तर सुनावणीत पहिल्याच प्रश्नाला अडाल. म्हणून खाणीपासून लांबच्या, पण त्याच खडकातल्या, तशाच बागायतीतल्या दोन-तीन विहिरीही मोजा. पाऊस तोच, उपसा तसाच, तरी खाणीजवळच्याच जास्त खाली गेल्या, तर तुमच्या म्हणण्याला वजन येतं.

मोजायला वजन बांधलेली टेप पुरते. कठड्यावर रंगाची खूण करा, दरवेळी तिथूनच मोजा, पहाटे मोटर सुरू व्हायच्या आधी. जुन्या आकड्यांसाठी पुण्यात शिवाजीनगरला राज्याच्या भूजल यंत्रणेचं भूजल भवन आहे, तिथे चौकशी करा. ही यंत्रणा निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. तुम्हीही तेच महिने धरा, म्हणजे तुलना करता येईल. शिवाय २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार खाणीला दर १ जून आणि १ डिसेंबरला अनुपालन अहवाल (मंजुरीच्या अटी पाळल्या का, याचा) द्यावा लागतो, आणि तो सार्वजनिक कागद आहे. तो मिळवून त्यात तुमच्या बाजूला पिझोमीटर (भूजलाची पातळी मोजायची बोअर) आहे का ते बघा.

वणीकर
खाण बंद झाली तरी मोजणी सोडू नका. उपसा थांबला की पाणी परत चढतं, पण उघड्या पडलेल्या थरांतले क्षार घेऊन. आमच्याकडे लोक पातळी वाढली म्हणून खूश होते, चव कोणी तपासलीच नाही.

वारजेकर
काका, मनापासून आभार. विहीर ४५ फूट आहे, तळाशी पिवळसर वालुकाश्म लागला होता असं भाऊ सांगतो. पाण्यात काय काय तपासून घेऊ?

निवृत्त भूजलवाला
मग खालच्या थराशी संबंध असण्याची शक्यता बरीच आहे. सामू (पीएच), टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार), कठीणपणा, लोह आणि सल्फेट तपासा. कोळशातलं पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) हवा-पाण्यात आलं की सल्फेट वाढतं. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे पिण्यासाठी ते लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोत नसेल तर ४००. मेमध्ये एक नमुना, ऑक्टोबरमध्ये एक. लोहासाठी वेगळी बाटली लागते, त्यात आम्ल घालतात. ती भूजल यंत्रणेच्या नागपूरच्या प्रयोगशाळेतून आधीच मागून घ्या.