मदत हवी आहे: अमेरिकेला भाजणी पाठवायची, 'यूएस एजंट' कोण चालेल?

नमस्कार मंडळी. आमचा चिपळूणला भाजणी-मेतकुटाचा छोटा कारखाना आहे. न्यू जर्सीच्या एका दुकानदाराला ३०० किलो माल हवाय, पण तो आधी एफडीएचा (अन्न व औषध प्रशासनाचा) नोंदणी क्रमांक मागतोय (आपली बांद्र्याची नव्हे, तिकडची अमेरिकेची).

वाचल्यावर कळलं की २००१ मध्ये टपालातून अँथ्रॅक्स या जीवघेण्या जंतूंची पाकिटं गेली, त्यानंतर २००२ ला त्यांनी जैवदहशतवाद कायदा केला. त्या कायद्यामुळे परदेशी कारखान्याला नोंदणी आणि एफडीएशी संपर्कासाठी अमेरिकेत राहणारा एजंट सक्तीचा. शिवाय माल पोचण्याआधी पूर्वसूचना, विमानाने असेल तर किमान ४ तास, जहाजाने ८ तास. आता मेतकुटात कोण काय कालवणार, पण असो!

नोंदणीला सरकारी फी शून्य, आणि इथला सल्लागार ४०,००० मागतोय. माझा भाचा एडिसनला असतो, तो एजंट म्हणून तयार आहे. पण कारखान्याची फेरतपासणी झाली तर तिची फी एजंटच्या नावावर निघते म्हणे, म्हणून ताई घाबरलीय.

कुणी नातेवाइकाला एजंट केलंय का? डन्स नंबर (नोंदणीसाठी लागणारा कंपनीचा ओळख क्रमांक) स्वतः काढलात का, किती दिवस लागले? नोंदणीचं नूतनीकरण दर सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये असतं, ते स्वतःच करता का?