देवाच्या जागी ठेवलेल्या वस्तूला मराठीत काय म्हणावं?

उंबरठा
ग्रीसमध्ये आज झ्यूस, अथीना, हेस्तिया या प्राचीन ग्रीक देवदेवतांची पूजा करणाऱ्या लोकांवर एका दिवाळी अंकासाठी लेख लिहिते आहे आणि एका शब्दापाशी आठवडाभर अडले आहे.

मी अथेन्समध्ये राहते. आमच्या मजल्यावरच्या बाई या देवांच्या भक्त आहेत. त्यांच्या फडताळात एकही मूर्ती नाही. अथीनेसाठी एक युरोचं ग्रीक नाणं आहे, कारण त्यावर प्राचीन अथेन्सच्या नाण्यावरचं घुबड आहे. समुद्राचा देव पोसायडन याच्यासाठी वडिलांच्या मासेमारीच्या जाळ्याचं शिशाचं वजन. हेस्तियासाठी नुसता दिवा. आणि दारांची, तिठ्यांची देवी हेकाते हिच्यासाठी आजीच्या गावच्या घराची लोखंडी किल्ली. घर विकलं गेलं, किल्ली राहिली. दर अमावास्येला बाई ती पुसतात, तेलाचं बोट लावतात आणि परत जागेवर ठेवतात.

या वस्तूंना काय म्हणू? 'मूर्ती' म्हटलं की वाचकाला नाक-डोळे दिसतात. 'प्रतीक' लिहून पाहिलं, पण तो शब्द कवितेच्या रसग्रहणातला वाटतो. रसग्रहणातल्या प्रतीकाला कुणी तेल लावत नाही.

भूर्जपत्र
'टाक' चालेल का? आपल्या देवघरात कुलदैवतांचे टाक असतात, आकाराने लहान, घरातले, पिढीजात. आजीच्या किल्लीशी ते नातं जुळतं.

रानवाट
टाकावर देवाचं रूप ठोकून उठवलेलं असतं, सोनाराकडून मुद्दाम घडवून घेतलेलं. किल्ली दाराची म्हणूनच घडली होती, देवाकडे ती नंतर आली. त्यापेक्षा 'तांदळा' जवळचा. अनघड, बिनचेहऱ्याचा, तरी पुरता देव.

आणि असा बिनचेहऱ्याचा देव ग्रीकांना नवा नाही, हे लेखात जरूर लिहा. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पाउसानियास नावाचा प्रवासी ग्रीसभर हिंडला. अखाया प्रांतातल्या फाराय गावी त्याने तीसेक चौकोनी दगड पाहिले, प्रत्येकाला एकेका देवाचं नाव होतं. पूर्वी सगळेच ग्रीक मूर्तीऐवजी अनघड दगडांना मान देत, असंही तो तिथे नोंदवतो. थेस्पिआय इथला सर्वांत जुना इरॉस, म्हणजे प्रेमाचा देव, हा न घडवलेला दगडच. डेल्फीला एका लहानशा दगडावर रोज तेल ओतत आणि सणासुदीला कच्ची लोकर वाहत.

मला सगळ्यात आवडतो तो खायरोनियाचा राजदंड. देवांचा लोहार हिफाइस्टस याने झ्यूससाठी घडवलेला तो हाच, अशी गावाची श्रद्धा होती. त्याला सार्वजनिक देऊळ नव्हतं. त्या वर्षीचा पुजारी तो स्वतःच्या घरात ठेवी, त्यासमोर रोज बळी दिला जाई आणि शेजारच्या मेजावर मांस व पोळ्या मांडलेल्या असत. वस्तू, घर, रोजची पूजा. तुमच्या शेजारणीचं फडताळ याच वाटेवरचं आहे.

समई
रानवाट, तांदळा सुंदर शब्द आहे, पण तो शिळेला घट्ट चिकटलेला आहे. नाण्याला तांदळा म्हणता येणार नाही.

उंबरठा, ग्रीक लोक स्वतः काय म्हणत होते ते पाहू या. इंग्रजीतला 'आयडॉल' ज्यावरून आला तो 'एइदोलोन' आधी बाजूला ठेवा. होमरच्या काव्यात तो मेलेल्या माणसाच्या सावलीसारख्या रूपासाठी येतो, भास या अर्थाने. 'खोटा देव' हा अर्थ यहुदी आणि ख्रिस्ती लिखाणातून चिकटला. भक्ताच्या तोंडी तो शब्द घालणं म्हणजे विरोधकाची शिवी त्याच्याच नावावर लिहिणं. मूर्तीसाठी त्यांचा आदराचा शब्द होता 'आगाल्मा'. मूळ अर्थ आनंद देणारी, शोभा आणणारी वस्तू. देवाला दिलेला घोडासुद्धा आगाल्मा असू शकत होता. पुतळा हा अर्थ मागाहून पक्का झाला आणि आजच्या ग्रीकमध्ये तेवढाच उरला.

पण तुम्हाला हवा असलेला शब्द आहे 'सेमेइआ'. म्हणजे खुणा.

तो येतो घरच्या पूजेच्या एका जुन्या विधीत. झ्यूसचं एक घरगुती रूप होतं, क्तेसिओस, म्हणजे घरातल्या साठ्याचा, मालमत्तेचा रक्षक. त्याला कोठीत बसवत. कसा बसवायचा, ते अथेनायस या प्राचीन ग्रीक लेखकाने एका जुन्या लेखकाच्या आधाराने उतरवून ठेवलं आहे. नवा, दोन कानांचा, झाकणाचा लहान घट घ्यावा. त्याच्या कानांना पांढरी लोकर बांधावी. आत 'जे सापडेल ते' घालावं आणि अम्ब्रोसिया ओतावी. ही अम्ब्रोसिया म्हणजे शुद्ध पाणी, ऑलिव्हचं तेल आणि सर्व प्रकारची फळं. या सगळ्या मांडणीला तो मजकूर 'क्तेसिओस झ्यूसच्या खुणा' म्हणतो. आजचे बरेच भक्त हा घट घरी ठेवतात आणि नवा महिना लागला की आतलं पाणी-फळं बदलतात.

अम्ब्रोसिया आणि आपलं अमृत हे सख्खे शब्द आहेत. दोन्हींत सुरुवातीचा 'अ' नकाराचा आणि पुढे मरणाचा धातू.

म्हणून माझं मत 'खूण'. माहेरची खूण म्हणून आपण एखादी वाटी जपतो, तेव्हा त्या वाटीत माहेर असतं आणि नसतंही. किल्लीत हेकाते आहे ती तशीच. शिवाय खूण पटावी लागते, आणि ती ज्याची त्याला पटते. 'प्रतीक' सगळ्यांसाठी एकच अर्थ घेऊन येतं.

उंबरठा
'जे सापडेल ते' वाचून अंगावर काटा आला. बाईंनी मला जवळजवळ हेच सांगितलं होतं, की वस्तू निवडायला त्या कुठे गेल्याच नाहीत, घरातच सापडत गेल्या.

पण एक शंका. फडताळात शिंपले आणि ऑलिव्हची डहाळीही असते. त्याही खुणाच का?

समई
नाही, आणि इथे नामापेक्षा क्रियापद मदतीला येतं. देवाला काही वाहिलं तर ते 'अनाथेमा', म्हणजे वर ठेवलेलं, अर्पण केलेलं. (याच शब्दाला पुढे चर्चमध्ये 'शापित' असा अर्थ आला, म्हणून लेखात जपून वापरा.) देवाची स्थापना करायची तर क्रियापद 'हिद्रूओ', आणि त्याचा मूळ अर्थ बसवणे. गणपती बसवतो, घट बसवतो, तेच. प्राचीन अथेन्समध्ये वेदी किंवा मूर्ती बसवताना शिजवलेल्या कडधान्यांच्या हंड्या ठेवत. अॅरिस्टोफेनिसच्या 'शांती' या नाटकात शांतिदेवतेला हंड्या ठेवून बसवावं का, याची चर्चाच आहे.

तेव्हा बाईंना विचारा, हा शिंपला वाहिला आहे की बसवला आहे? वाहिलेला असेल तर ते अर्पण. बसवलेला असेल तर खूण. सुपारीचंही तसंच नाही का? पाटावर तांदळावर मांडून आवाहन केलं की ती गणपती, विड्यावर ठेवली की विड्याची सुपारी.

भूर्जपत्र
पटलं. टाक मागे घेतो. पण मग कुठलीही वस्तू कुठल्याही देवाची खूण होईल?

रानवाट
या भक्तांमध्येही यावर दोन मतं आहेत. काहींना जुन्या ग्रंथांत किंवा शिलालेखांत आधार लागतो, काही स्वतःला आलेला प्रत्यय पुरेसा मानतात. माझा ओढा आधाराकडे आहे, पण या किल्लीला दोन्ही आहेत. कारिया प्रांतात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, लागिना इथे हेकातेचं मोठं देऊळ होतं आणि तिथे किल्लीची मिरवणूक निघत असे. बाईंना ते ठाऊक असो वा नसो, आजीच्या किल्लीने बरोबर घर शोधलं.

हेस्तियाच्या दिव्याबद्दल मात्र 'खूण' लिहू नका. हेस्तिया या शब्दाचा अर्थच चूल. हर्मिओने गावच्या तिच्या देवळात मूर्ती नव्हती, फक्त वेदी होती, असं पाउसानियास सांगतो. दिवा तिच्या जागी ठेवलेला नाही, ती ज्योत म्हणजे तीच.

आणि एक विनंती. लेखात 'पेगन' शक्यतो टाळा. मूळ लॅटिनमध्ये तो खेडूत या अर्थाचा, आणि ग्रीसमधल्या अनेक भक्तांना तो नकोसा वाटतो. १९९७ साली स्थापन झालेल्या त्यांच्या परिषदेच्या नावात 'एथनिक हेलेन' असे शब्द आहेत, हेलेन म्हणजे ग्रीक. २०१७ मध्ये ग्रीसच्या सरकारने त्यांच्या धर्माला मान्यता दिली, तीही 'हेलेनिक' या नावाने.

उंबरठा
आज संध्याकाळी बाईंकडे गेले होते. शिंपले वाहिलेले आहेत, नातवाने समुद्रावरून आणलेले. शिशाचं वजन बसवलेलं. मी विचारलं, तुम्ही ग्रीकमध्ये काय म्हणता? 'हिद्रूओ'चं आजचं रूप त्यांना संस्था स्थापन करण्यासाठीचं, कचेरीतलं वाटतं. त्या म्हणाल्या, 'स्तीनो'. उभं करते.

लेखातलं वाक्य आता असं आहे: "आजीची किल्ली ही हेकातेची खूण म्हणून त्यांनी फडताळात बसवली आहे." 'बसवली' ठेवू की 'उभी केली' करू?

समई
'बसवली'च ठेवा, किल्ली आडवी आहे. पण 'स्तीनो' ज्या धातूवरून आला तो आणि आपला 'स्था' मुळात एकच, हे बाईंना सांगा. त्या उभं करतात, आपण स्थापना करतो.